मिठागर, नळ आणि स्लॅब: रसायनशास्त्र नेमकं कशाबद्दल आहे?

मुंबईत इमारतीला ३० वर्षं झाली की तिचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं, महापालिकेच्या कायद्यातच तशी तरतूद आहे. ऑडिटला आलेला इंजिनिअर एखाद्या कॉलमचा कोपरा फोडतो, धूळ झटकतो आणि ताज्या तुटलेल्या भागावर बाटलीतला एक बिनरंगी द्रव फवारतो. आतला भाग बघता बघता गडद गुलाबी होतो. बाहेरच्या बाजूचा दोनेक सेंटिमीटरचा थर मात्र राखाडीच राहतो. इंजिनिअर पट्टी लावून तो थर मोजतो, वहीत आकडा टिपतो आणि पुढच्या कॉलमकडे वळतो. भोवती जमलेल्या सभासदांचा एकच प्रश्न असतो: गुलाबी म्हणजे चांगलं की वाईट?

बाटलीतला द्रव म्हणजे फिनॉल्फ्थॅलीन. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना फ्लास्कमध्ये जो गुलाबी रंग येतो, तो याचाच. सोसायटीतल्या ज्या कुणी सायन्स घेतलं होतं, त्या प्रत्येकाने हे हाताळलेलं असतं. ‘आम्लात रंगहीन, आम्लारीत गुलाबी’ असं लिहून गुणही मिळवलेले असतात. पण ते वाक्य आणि डोक्यावरचा स्लॅब यांचा संबंध लावायची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नसते. आपल्याकडे रसायनशास्त्र शिकवण्यातली मोठी खोट मला इथेच दिसते. माहिती पुरेशी मिळते, पण ती कुठे लावायची याचा सराव मिळत नाही.

(गुलाबी म्हणजे चांगलं. का, ते पुढे येईल.)

हा विषय कशाबद्दल आहे ते आधी पाहू. समोरचा पदार्थ कोणत्या अणूंचा बनला आहे, ते अणू एकमेकांना कसे धरून आहेत आणि ही पकड सुटून दुसरी बसली तर काय होईल, एवढंच रसायनशास्त्र विचारतं. लाकूड जळतं, लोखंड गंजतं, दूध विरजतं, पीठ आंबतं. या सगळ्यात अणू तेच राहतात, बदलते ती त्यांची एकमेकांवरची पकड. एकही अणू नव्याने जन्माला येत नाही आणि एकही नाहीसा होत नाही. (अणूचा गाभाच फोडायचा असेल तर ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत जावं लागतं, तो प्रांत वेगळा.) या पकडीला रासायनिक बंध म्हणतात. अणूच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन कुणी कुणाला दिले किंवा दोघांनी मिळून वापरले, यातून तो बंध तयार होतो.

हे सगळं हवेत बोलण्यापेक्षा एक मूलद्रव्य घेऊन त्याचा माग काढू. मी क्लोरीन निवडतो, कारण मुंबईकराची त्याच्याशी रोज गाठ पडते.

क्लोरीनच्या अणूत १७ इलेक्ट्रॉन असतात. सर्वांत आत २, त्याबाहेर ८ आणि शेवटच्या कक्षेत ७. त्या कक्षेत आठवी जागा रिकामी आहे. लोकलमध्ये रिकामी जागा फार वेळ रिकामी राहत नाही, तसंच हे. उपमा मात्र इथेच सोडून देऊ, कारण अणूला हाव नसते की इच्छा नसते. आठवा इलेक्ट्रॉन आला की त्या सगळ्या रचनेची ऊर्जा कमी होते, म्हणून ते घडतं.

आता तो आठवा इलेक्ट्रॉन कुठून आला, यावर पुढचं सगळं ठरतं. क्लोरीनचे दोन अणू एकत्र आले आणि त्यांनी एकेक इलेक्ट्रॉन सामाईक केला तर क्लोरीन वायू होतो: पिवळसर हिरवा, नाकाघशाला झोंबणारा, विषारी. समोर सोडियम असेल तर गोष्ट निराळी होते. सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो सहज सुटतो. क्लोरीन तो पूर्णपणे घेतो आणि क्लोराइड बनतो. सोडियम हा पाण्यात टाकला की उसळून पेटणारा धातू, क्लोरीन हा विषारी वायू आणि दोघांच्या मिलनातून जे तयार होतं ते आपण आमटीत घालतो. वडाळा, कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड इथल्या मिठागरांमध्ये भरतीचं पाणी अडवून उन्हात आटवलं की हेच हाती लागतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा क्लोराइडचा असतो.

तिसरी तऱ्हा कार्बनबरोबरची. इथे इलेक्ट्रॉनची भागीदारी होते आणि क्लोरीन कार्बनला घट्ट चिकटून बसतो. घरातले पीव्हीसीचे पाइप आणि पाठ धरल्यावर चोळायच्या मलमातलं डायक्लोफेनॅक या दोन्हींत असा क्लोरीन असतो. तो खारट लागत नाही आणि त्याला वासही येत नाही.

प्रयोगशाळेत हा फरक अर्ध्या मिनिटात दिसतो. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की दह्यासारखा पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, येतो. बारावीच्या सॉल्ट अनॅलिसिसमधली ही ओळखीची चाचणी. पीव्हीसीचा कीस पाण्यात ढवळून तेच थेंब टाका, काहीही होत नाही. क्लोरीन दोन्हीकडे आहे. एकीकडे तो पाण्यात मोकळा फिरणारा आयन, म्हणजे प्रभार असलेला अणू, आहे, दुसरीकडे बंधात अडकलेला आहे आणि सिल्व्हर फक्त मोकळ्या आयनाला धरतो. पदार्थात कोणतं मूलद्रव्य आहे एवढं कळून भागत नाही, ते कोणत्या अवस्थेत आहे हेही विचारावं लागतं. हे ज्याच्या अंगी मुरलं त्याने माझ्या मते विषयाचा निम्मा गाभा गाठला.

आता नळाकडे येऊ. मुंबईला वैतरणा, तानसा, भातसा, विहार, तुळशी अशा सात तलावांतून रोज साधारण ३८५ कोटी लिटर पाणी मिळतं. शुद्धीकरण मुख्यतः भांडुप संकुलात आणि पांजरापूरला होतं. पाण्यातला गाळ इतका बारीक असतो की तो आपसूक तळाशी बसत नाही. त्याच्या कणांवर ऋण प्रभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटत राहतात. तुरटीसारखं ॲल्युमिनियमचं संयुग घातलं की हा प्रभार शमतो, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. आजी गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची ती याच कारणाने.

मग पाण्यात क्लोरीन मिसळतात. पाण्याशी त्याची अभिक्रिया होऊन हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. हे आम्ल जिवाणूंच्या आवरणातून आत शिरतं, त्यांची प्रथिनं बिघडवतं आणि त्यांना मारतं. शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्याला घरापर्यंत मोठा प्रवास करायचा असतो. वाटेत जुनी जलवाहिनी लागते, शेजारून गटार जात असतं आणि पाणी दिवसातून ठरावीक तासच सुटत असल्याने उरलेल्या वेळी वाहिनीतला दाब उतरतो. अशा वेळी बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते. म्हणून नळाशी पोहोचेपर्यंत थोडा क्लोरीन शिल्लक राहायला हवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. पावसाळ्यात कधी पाण्याला वास आला की लोक वैतागतात. मला तो वास आला की उलट बरं वाटतं.

०.२ मिलिग्रॅम म्हणजे किती, हे कळायला मोल ही संकल्पना लागते. इथेच बरीच मुलं हात टेकतात. खरं तर मोल म्हणजे फक्त मोजणीचं एक माप, डझनासारखं, पण अवाढव्य: ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. अणू वजनाच्या काट्यावर दिसत नाहीत, पण त्यांची संख्या कळल्याशिवाय कुणाशी किती जोडले जातील ते सांगता येत नाही. ग्रॅममधून संख्येत जाण्यासाठी म्हणून हे माप. आता हिशेब करू. पाव लिटरच्या पेल्यात ०.०५ मिलिग्रॅम क्लोरीन आहे. एक मोल क्लोरीन म्हणजे ७१ ग्रॅम. भागाकार करून मोलच्या आकड्याने गुणलं तर त्या पेल्यात क्लोरीनचे सुमारे ४ वर १७ शून्ये इतके रेणू निघतात. आपण ज्याला नगण्य म्हणतो त्यात एवढी गर्दी असते. उलट बाजूनेही पाहा. लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन घालायचं म्हटलं, तर मुंबईच्या एका दिवसाच्या पाण्याला ३,८५० किलो लागेल. मिलिग्रॅमने सुरू झालेला हिशेब ट्रकपर्यंत जातो.

तोच वायू एकवटला की जीव घेतो. जुलै २०१० मध्ये शिवडीच्या हाजी बंदर भागात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभराहून जास्त लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड असल्याने वर न जाता जमिनीलगत पसरतो. म्हणून अशा वेळी खाली वाकून किंवा तळघराकडे पळायचं नसतं, वाऱ्याच्या आडव्या दिशेने आणि उंचावर जायचं असतं.

घरातही हे घडू शकतं. लादी घासायचं ॲसिड म्हणजे सौम्य केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल. ब्लीचिंग पावडरमध्ये हायपोक्लोराइट असतं. संडास जास्तच स्वच्छ व्हावा म्हणून दोन्ही एकत्र ओतलं की क्लोरीन वायू सुटतो आणि दार लावलेल्या तीन फूट बाय चार फुटांच्या जागेत तो जायला वाट नसते. दिवाळीच्या साफसफाईत तर हमखास कुणीतरी हे करतं. हे दोन पदार्थ कधीही एकत्र करू नका.

आता तो गुलाबी कॉलम.

सिमेंटमध्ये पाणी घातलं की होणाऱ्या अभिक्रियांतून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरी गेलेला चुना, तयार होतो. त्यामुळे ताजं काँक्रीट चांगलंच आम्लारिधर्मी असतं, त्याचा सामू (पीएच, म्हणजे पदार्थ किती आम्ल की किती आम्लारी हे सांगणारा आकडा; ७ म्हणजे उदासीन) १२.५ ते १३ च्या आसपास जातो. इतक्या सामूला लोखंडी सळईवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, चिवट थर बसतो आणि त्याखालचं लोखंड सुरक्षित राहतं. म्हणजे काँक्रीट सळईला नुसतं झाकत नाही, रसायनाने जपतं.

हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत झिरपत राहतो. तो चुन्याशी जुळतो आणि कॅल्शियम कार्बोनेट होतो. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा शाळेतला प्रयोग. इमारतीत तोच प्रयोग चाळीस-पन्नास वर्षं संथपणे चाललेला असतो. जिथपर्यंत चुना संपला तिथपर्यंत सामू ९ च्या खाली उतरतो. फिनॉल्फ्थॅलीन तिथे रंग देत नाही. इंजिनिअरने मोजलेला राखाडी थर हाच. हा थर सळईपर्यंत पोहोचला की तिचं कवच गेलं असं समजायचं.

पण मुंबईत गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यातून क्लोराइड भिंतीवर बसतं आणि पावसाळ्याच्या ओलीबरोबर आत शिरतं. बांधताना न धुतलेली खाडीची रेती वापरली असेल तर ते पहिल्या दिवसापासूनच आत असतं. क्लोराइड आयन सळईवरचा तो चिवट थर ठिकठिकाणी फोडतो. सामू उत्तम असला तरी फोडतो. त्यात वाईट भाग असा की या उद्योगात तो स्वतः संपत नाही. लोखंडाचा अणू सोडवून तो पुढे ढकलतो, तिथे गंज तयार होतो आणि क्लोराइड पुन्हा मोकळा होऊन दुसऱ्या अणूला भिडतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, प्रकारानुसार दुपटीपासून सहापटीपर्यंत. आत फुगलेल्या सळया काँक्रीटला आतून बाहेर रेटतात, चिरा पडतात, पोपडे सुटतात आणि एखाद्या रात्री स्लॅबचा तुकडा खाली येतो.

यावरून दोन गोष्टी निघतात, आणि त्या सोसायटीच्या सेक्रेटरीला माहीत असायला हव्यात. एक म्हणजे गुलाबी रंग आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. फिनॉल्फ्थॅलीनला फक्त सामू कळतो, क्लोराइड दिसत नाही. समुद्राजवळच्या इमारतीत काँक्रीटचा चुरा काढून क्लोराइडची वेगळी तपासणी करावी लागते. ती कशाने करतात? पुन्हा सिल्व्हर नायट्रेटनेच, म्हणजे बारावीच्याच टायट्रेशनच्या जातीच्या चाचणीने. दुसरी गोष्ट पॅचवर्कची. गंजलेला भाग फोडायचा, नवा माल भरायचा, रंग मारायचा आणि दोन पावसाळ्यांनी शेजारचाच भाग फुगायचा, हा अनुभव अनेकांचा आहे. दर वेळी ठेकेदाराने फसवलेलं असतं असं नाही. गंजणं ही विजेच्या सेलसारखी क्रिया आहे. सळईचा एक भाग गंजत असतो तेव्हा तिथून निघालेले इलेक्ट्रॉन शेजारच्या भागाला वाचवत असतात. गंजका भाग बदलला की शेजाऱ्याचं ते संरक्षण जातं. शेजारच्या काँक्रीटमध्ये क्लोराइड आधीच मुरलेलं असेल तर आता पाळी त्याची येते. जस्ताचा तुकडा सळईला जोडून त्यालाच गंजू द्यायचं, हा त्यावरचा एक उपाय. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडतं, धातूंची क्रियाशीलतेची श्रेणी दहावीला शिकवतात ती यासाठी.

दुरुस्तीच्या कोटेशनवर लाखांचे आकडे असतात. ते वाचताना हे एवढं रसायनशास्त्र खिशाला उपयोगी पडतं.

आंब्याच्या हंगामात आणखी एक गैरसमज जोर धरतो. केमिकलने पिकवलेला आंबा वाईट, अढीत पिकवलेला चांगला. अढीत गवत घालून आंबे झाकून ठेवतो तेव्हा आंब्यातूनच एथिलीन नावाचा वायू निघतो आणि तो कोंडला गेल्याने फळं भराभर पिकतात. पिकवण्याच्या खोल्यांमध्ये हाच वायू बाहेरून सोडतात, आणि हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत तो वापरायला अन्नसुरक्षेच्या नियमांची परवानगी आहे. रेणू तोच, मग तो आंब्याने सोडलेला असो की सिलिंडरने. ज्यावर बंदी आहे ते कॅल्शियम कार्बाइड. ओल लागली की त्यातून ॲसिटिलीन निघतं, ते एथिलीनची नक्कल करतं. खरा धोका मात्र बाजारू कार्बाइडमध्ये मिसळलेल्या आर्सेनिक आणि फॉस्फरसच्या अशुद्धींचा असतो. नैसर्गिक की कृत्रिम या वादापेक्षा रेणू कोणता, किती आणि सोबत काय आलं, हे विचारलं तर उत्तर लवकर सापडतं.

चेंबूर-ट्रॉम्बेच्या बाजूला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना आहे. गावाकडे शेती असणाऱ्यांना त्याचं ‘सुफला’ खत ठाऊक असेल. खताचा पाया अमोनिया, आणि अमोनियासाठी हवेतला नायट्रोजन लागतो. हवेचे चार पंचमांश नायट्रोजनच आहे, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने असे जखडलेले असतात की झाडाला ते उघडता येत नाहीत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून थेट अमोनिया करून दाखवला. त्यातली मेख अशी: तापमान वाढवलं तर अभिक्रिया वेगाने होते पण अमोनिया कमी मिळतो, तापमान उतरवलं तर जास्त मिळायला हवा पण वेगच मरतो. किती वेगाने आणि कुठपर्यंत हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि विद्यार्थी ते हमखास एकात एक करतात. कारखाना मधला मार्ग काढतो. ४०० ते ५०० अंश सेल्सियस, वातावरणाच्या सुमारे दोनशेपट दाब, लोखंडाचा उत्प्रेरक (स्वतः न संपता अभिक्रियेला वेग देणारा) आणि न जुळलेला वायू पुन्हा पुन्हा फिरवणं. जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचं अन्न या अभिक्रियेवर अवलंबून असल्याचा अंदाज आहे.

याच हाबर यांनी २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर शत्रूवर दीडशे टनांहून जास्त क्लोरीन सोडण्याची व्यवस्था लावली. १९१८ चं नोबेल पारितोषिक त्यांना अमोनियासाठी मिळालं. मुलांना हाबर प्रक्रियेचं समीकरण शिकवताना ही दुसरी तारीख गाळू नये असं मला वाटतं.

रसायनशास्त्र पदार्थ समजावतं तसं नवे पदार्थ घडवतंही. यातली मुंबईची कामगिरी फार मोठी आहे, पण शाळेत तिची गोष्ट क्वचितच सांगतात. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘यूडीसीटी’. आज ती माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी आहे. रघुनाथ माशेलकर, मनमोहन शर्मा हे नामवंत रसायन-अभियंते इथलेच. १९३५ मध्ये ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत सिप्ला ही औषध कंपनी उभी केली. पुढे १९७० च्या पेटंट कायद्याने भारतात औषधाच्या रेणूला पेटंट देणं बंद केलं, पेटंट मिळायचं ते फक्त बनवण्याच्या पद्धतीला. म्हणजे तोच रेणू वेगळ्या वाटेने बनवला तर चालायचं. कोणता बंध आधी जोडायचा, कोणता शेवटी, कुठला भाग तेवढ्यापुरता झाकून ठेवायचा, अशा प्रश्नांवर इथल्या रसायनशास्त्रज्ञांची एक पिढी तयार झाली.

वाट बदलल्याने किंमत किती बदलते? समजा एखादं औषध दहा पायऱ्यांत बनतं आणि प्रत्येक पायरीला ८० टक्के माल पुढे जातो. शेवटी हाती ११ टक्क्यांहून थोडं कमीच उरतं. प्रत्येक पायरी ९० टक्क्यांवर नेली तर ३५ टक्के. पायऱ्या दहाच्या सहा केल्या तर ५३ टक्के. कच्चा माल तेवढाच, औषध पाचपट. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसुफ हमीद यांनी एड्सवरची तीन औषधांची मात्रा माणशी वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. तेव्हा बहुराष्ट्रीय कंपन्यांचा दर १०,००० डॉलरच्या वर होता. हमीद हे केंब्रिजला शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. धाडस आणि कायदा यांचा त्यात वाटा होताच, पण ती औषधं आधी इथल्या रिॲक्टरमध्ये स्वस्तात आणि शुद्ध बनवता यावी लागली. २००५ पासून भारतात रेणूलाही पेटंट मिळू लागलं आणि ती मोकळी वाट बरीच अरुंद झाली.

आता विद्यार्थ्यांचं. जेईईत केमिस्ट्रीचा तिसरा हिस्सा, नीटमध्ये ७२० पैकी १८० गुण. क्लासेसमध्ये तिची ओळखच ‘स्कोरिंग सब्जेक्ट’ अशी करून देतात: फिजिकलची सूत्रं, ऑरगॅनिकच्या नावांच्या अभिक्रिया आणि इनऑरगॅनिक म्हणजे निव्वळ घोकंपट्टी. परीक्षेपुरतं हे चालतंही. दोन महिन्यांनी त्यातलं काही उरत नाही, ही त्याची दुसरी बाजू.

मला वाटतं अडचण एका ठिकाणी आहे. रसायनशास्त्रात एकच घटना तीन पातळ्यांवर चालू असते. एक डोळ्यांना दिसते, दुसरी कणांच्या पातळीवर घडते आणि तिसरी वहीत लिहिली जाते. मुलं सगळा वेळ तिसरीत घालवतात. मघाचीच चाचणी घ्या. वहीत लिहितात: सिल्व्हर नायट्रेट आणि सोडियम क्लोराइड यांच्यापासून सिल्व्हर क्लोराइड आणि सोडियम नायट्रेट. जणू चौघांनी जोडीदार बदलले. कणांकडे पाहिलं तर तसं काही झालेलं नाही. पाण्यात चार जातींचे आयन सुटे फिरत होते, त्यातल्या सिल्व्हर आणि क्लोराइडने एकमेकांना धरलं आणि खाली बसले. सोडियम आणि नायट्रेट आधीही मोकळे होते, नंतरही मोकळेच आहेत. हे चित्र डोळ्यांसमोर आणता आलं की सोडियमऐवजी पोटॅशियम असेल तर काय होईल हे पाठ करावं लागत नाही.

प्रत्येकाने केमिस्ट व्हावं असं मी म्हणणार नाही, पगाराच्या सुरुवातीच्या आकड्यांकडे पाहून तर नाहीच. औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये एमएस्सी झालेली मुलंही बराच काळ तेच ते नमुने तपासत बसतात. वर जायचं तर पुढचं शिक्षण किंवा हातातलं कसब लागतं. पण बॅटरी, रंग, खाद्यपदार्थ, पाणी, न्यायवैद्यक तपासणी, पेटंटचा कायदा यांतलं एखादं क्षेत्र ज्याला खुणावतंय, त्याला हा पाया टाळता येणार नाही. कॉमर्स किंवा आर्ट्सला जाणाऱ्याने दहावीपर्यंतचं तरी समजून वाचावं. वर लिहिलेल्यातलं निम्म्याहून जास्त त्या पुस्तकांतच आहे.

ज्यांना यात खरंच रस आहे त्यांनी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे लक्ष ठेवावं. देशातली रसायनशास्त्र ऑलिंपियाडची तयारी तिथे होते, आणि २००१ चं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईतच भरलं होतं. केंद्राच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसकट फुकट मिळतात. त्यातल्या अनेक प्रश्नांत लागणारी माहिती प्रश्नातच दिलेली असते आणि पुढे काय घडेल ते आपण सांगायचं असतं. सुरुवातीला एक प्रश्न सोडवायला अख्खी संध्याकाळ जाते. उत्तर उघडून बघायची घाई मात्र करू नये.